तुरीच्या प्रथिनांसाठी घेतलेला प्रकाशीय जैवसंवेदक : तीन हंगामांनंतरचा अभिप्राय

नांदेडच्या आमच्या प्रयोगशाळेत दोन वाहिन्यांचा, टेबलावर मावणारा प्रकाशीय जैवसंवेदक येऊन आता तुरीचे तीन हंगाम झाले. दोन जैविक रेणू एकमेकांना किती वेगाने धरतात आणि किती वेळाने सोडतात, हे त्यांना कोणताही रंग किंवा किरणोत्सारी खूण न लावता, पडद्यावर सरकणाऱ्या एका रेषेतून दाखवणारे हे यंत्र आहे. लातूर, परभणी, बीड, छत्रपती संभाजीनगर अशा ठिकाणच्या ज्या विभागांत अशा यंत्राचा प्रस्ताव लिहिणे चालू असेल, त्यांना डोळ्यांसमोर ठेवून हा अभिप्राय लिहीत आहे. उत्पादक आणि पुरवठादार यांची नावे येथे घेतलेली नाहीत, कारण ज्या अडचणी मी सांगणार आहे त्यांतील बहुतेक अडचणी या प्रकारच्या कोणत्याही यंत्राला आपल्या भागात येणारच आहेत.

आमचा विषय तुरीचा आहे. शेंगा पोखरणारी हिरवी अळी, म्हणजे हेलिकोव्हर्पा आर्मिजेरा, ही मराठवाड्यातील तूर उत्पादकाला वेगळी सांगावी लागत नाही. हरभऱ्यावर तिलाच घाटेअळी म्हणतात. ही अळी दाण्यातील प्रथिने पचवते ती मुख्यतः ट्रिप्सिन आणि कायमोट्रिप्सिन या जातीच्या विकरांच्या (एन्झाइमांच्या) बळावर. तुरीच्या दाण्यात या विकरांना अडवणारी काही लहान प्रथिने निसर्गतःच असतात आणि त्यांना निरोधक म्हणतात. बदनापूरच्या कृषी संशोधन केंद्राचे बीडीएन ७११ आणि बीएसएमआर ७३६ हे वाण आमच्या भागात परिचयाचे आहेत. अशा वाणांतील आणि तुरीच्या रानटी भाऊबंदांतील निरोधक अळीच्या विकराला कितपत धरून ठेवतात, हा आमचा प्रश्न. परीक्षानळीतील नेहमीच्या चाचणीत विकराचे काम किती टक्के थांबले एवढे कळते. ते थांबणे किती वेळ टिकेल, हे तिच्यातून कळत नाही आणि आमचे घोडे नेमके तेथेच अडले होते.

या यंत्राचे तत्त्व सरफेस प्लाझ्मॉन रेझोनन्स, म्हणजे बोलीत एसपीआर. काचेच्या चिपवर सुमारे ५० नॅनोमीटर जाडीचा सोन्याचा थर असतो. काचेच्या बाजूने ठराविक कोनात सोडलेला प्रकाश पूर्णपणे परावर्तित होतो. मात्र एका नेमक्या कोनाला सोन्यातील मुक्त इलेक्ट्रॉनांच्या लहरी त्याची ऊर्जा शोषून घेतात आणि परावर्तित प्रकाशात तेवढ्या जागी काळी रेघ पडते. सोन्याच्या दुसऱ्या बाजूला, जेथून द्रव वाहत असतो, तेथे प्रथिन येऊन बसले की त्या पातळ थराचा अपवर्तनांक बदलतो आणि ती काळी रेघ जागा सोडते. रेघ किती सरकली हे रेझोनन्स युनिटमध्ये मोजतात. १००० युनिट म्हणजे कोनातील एक दशांश अंशाचा फरक आणि तो चिपच्या दर चौरस मिलिमीटरवर साधारण १ नॅनोग्रॅम प्रथिन बसल्याचे सांगतो. आमच्या कामात दहा-वीस युनिटांचे चढउतारही अर्थपूर्ण असतात, यावरून मोजणी किती नाजूक आहे याची कल्पना यावी.

सोन्यावर प्रकाश खालून सोडण्याची ही मांडणी क्रेचमन यांनी १९६८ साली दाखवली. तिचा उपयोग वायू आणि जैविक रेणू ओळखण्यासाठी होऊ शकतो हे स्वीडनमधील लीडबर्ग, नायलँडर आणि लुंडस्ट्रॉम यांनी १९८३ मध्ये मांडले आणि १९९० मध्ये फार्माशिया बायोसेन्सर या उप्साला येथील कंपनीने बायाकोर नावाचे पहिले व्यावसायिक यंत्र बाजारात आणले. या क्षेत्रातील निम्मी परिभाषा तेव्हापासूनच रूढ झाली आहे. आमचे यंत्र त्या घराण्यातले नाही, पण तत्त्व तेच आहे आणि आकाराने व किमतीने ते लहान आहे.

यंत्राने आम्हाला काय दिले, ते एका उदाहरणाने सांगते, कारण खरेदीचा सगळा विचार याच मुद्द्यावर व्हायला हवा. समजा, दोन निरोधक आहेत आणि दोघांचाही विकराशी असलेला समतोल स्थिरांक (जितका लहान तितकी पकड घट्ट) १ नॅनोमोलर आहे. कागदावर दोघे सारखेच घट्ट. पण पहिल्याचा धरण्याचा वेगस्थिरांक १० लाख प्रति मोलर प्रति सेकंद आणि सोडण्याचा एक हजारांश प्रति सेकंद असू शकतो. दुसऱ्याचा धरण्याचा वेग त्याच्या शंभरपट कमी आणि सोडण्याचा वेगही शंभरपट कमी असू शकतो. सोडण्याचा भागिले धरण्याचा हा भागाकार, म्हणजेच समतोल स्थिरांक, दोन्हीकडे तोच येतो. पहिल्याच्या जोड्यांपैकी निम्म्या जोड्या साडेअकरा मिनिटांत सुटतात. दुसऱ्याच्या निम्म्या सुटायला एकोणीस तास लागतात. अळीने खाल्लेले अन्न तिच्या मध्यांत्रातून काही तासांत पुढे सरकते. म्हणजे तिच्या पोटाच्या हिशेबाने हे दोन निरोधक सारखे नाहीत. आणि दुसराच चांगला असेही पटकन म्हणता येत नाही, कारण तो सुटत नसला तरी धरायलाही वेळ लावतो. निरोधकाचे प्रमाण १०० नॅनोमोलर असेल तर पहिला सात सेकंदांत निम्मे विकर अडवतो आणि दुसऱ्याला त्यासाठी अकरा मिनिटे लागतात. टक्केवारीत लपून बसणारी ही गोष्ट रेषेच्या चढात आणि उतारात सरळ दिसते. पहिल्यांदा आमच्याच दाण्यातून वेगळा केलेला निरोधक सोडला, रेष वळण घेत वर चढली, सपाट झाली आणि नुसता बफर, म्हणजे पीएच स्थिर राखणारे द्रावण, सुरू होताच अगदी सावकाश उतरू लागली, तेव्हा मी आणि माझे दोन विद्यार्थी अर्धा तास एक शब्दही न बोलता पडद्यासमोर बसून होतो. कित्येक वर्षे ज्याच्याविषयी आम्ही अंदाजाने बोलत आलो, ते घडताना पाहत होतो.

यंत्र घेण्याआधी आम्ही दूरच्या एका शहरातील सामायिक उपकरण केंद्राची सेवा घेत होतो आणि तिच्याविषयीही लिहिणे योग्य होईल. तेथील यंत्र आमच्या यंत्राहून कितीतरी वरच्या दर्जाचे, चार वाहिन्यांचे आणि आपोआप नमुने उचलणारे होते. चालवणारे तंत्रज्ञ जाणकार आणि मदतीला तत्पर होते. पण थर्माकोलच्या डब्यात बर्फ भरून, त्यात नमुन्याच्या कुप्या रोवून रात्रभर प्रवास करायचा आणि सकाळी दहाला मिळालेल्या एका दिवसाच्या वेळेत सगळे उरकायचे, यात प्रयोग सुधारण्याला वाव राहत नसे. या तंत्रात पहिला दिवस नेहमी चुका कळण्यातच जातो. चिपवर किती प्रथिन बसवावे, ते कोणत्या पीएचला बसते, चिकटलेला रेणू सोडवून चिप पुन्हा वापरण्याजोगी धुण्यासाठी आम्ल किती तीव्र लागते, हे त्या दिवशी कळते आणि दुसऱ्या दिवशी खरी मोजणी करायची असते. आम्हाला दुसरा दिवस कधीच मिळाला नाही. मिळाला तो दीड महिन्यानंतरचा पहिला दिवस. त्यातही ट्रिप्सिन हे स्वतःलाच कापणारे विकर. ते १ मिलिमोलर हायड्रोक्लोरिक आम्लात ठेवले तर शांत राहते हे आम्ही पाळत होतो, पण अळीच्या आतड्यातून काढलेल्या विकराच्या बाबतीत प्रवासानंतर हाती काय उरले आहे याची खात्री देता येत नव्हती. ज्यांचे नमुने टिकाऊ आहेत आणि ज्यांना वर्षातून दोन-चार मोजण्याच करायच्या आहेत, त्यांनी मात्र अशा केंद्राकडेच जावे. देशभरातील अशा उपकरणांची नोंद असलेले आय-स्टेम हे राष्ट्रीय पोर्टल जानेवारी २०२० पासून उपलब्ध आहे आणि प्रस्ताव लिहिण्याआधी तेथे एकदा शोध घेतला पाहिजे.

आता आमच्या खोलीविषयी, कारण यंत्राइतकाच खर्च आणि यंत्राहून जास्त मनस्ताप खोलीने दिला. पाण्याचा अपवर्तनांक खोलीच्या तापमानाच्या आसपास दर अंशामागे साधारण एक दशसहस्रांशाने बदलतो. युनिटांत सांगायचे तर १ अंशाचा फरक म्हणजे सुमारे १०० युनिट. ज्या प्रयोगात ५० युनिटांची उंची आम्हाला मोजायची असते, तेथे अर्ध्या अंशाने तो सगळा प्रयोग गिळला जातो. यंत्राच्या आत तापमान राखण्याची सोय आहे आणि नोव्हेंबर ते फेब्रुवारी ती उत्तम काम करते. एप्रिल-मेमध्ये बाहेर पारा ४२ अंशांवर गेलेला, एसी मधूनमधून बंद होऊन पुन्हा चालू होणारा, अशा वेळी पायाभूत रेष एसीच्या त्या लयीतच वरखाली होताना आम्ही पाहिली आहे. विक्रेत्याच्या प्रात्यक्षिकात हे दिसले नव्हते, कारण प्रात्यक्षिक डिसेंबरात झाले होते. ज्यांना यंत्र घ्यायचे आहे त्यांनी प्रात्यक्षिक मे महिन्यात, दुपारी दोन वाजता आणि आपल्याच खोलीत मागावे, असे मी आग्रहाने सांगेन. आम्ही नंतर यंत्र पश्चिमेच्या भिंतीपासून हलवले, एसीचा झोत थेट त्यावर येऊ नये म्हणून पुठ्ठ्याचा आडोसा केला आणि प्रयोग चालू असताना दार उघडायचे नाही असा नियम केला. पुठ्ठ्याच्या त्या आडोशाने जेवढा फरक पडला तेवढा फरक पुरवठादाराने सुचवलेल्या कोणत्याही सेटिंगने पडला नाही.

विजेसाठी वेगळा यूपीएस घ्यावाच लागतो. वीज गेल्यावर संगणक चालू राहणे पुरेसे नसते. पंप थांबला की वाहिनीतील बफर साचतो, क्षार सुकतात आणि सूक्ष्म नळ्या बंद होतात. आम्ही पहिल्या वर्षी यूपीएस संगणकाला जोडला होता आणि यंत्र सरळ भिंतीच्या प्लगला. ही चूक आमची होती.

पाण्याचे तर काय सांगावे. आमच्याकडे बोअरचे पाणी जड आहे आणि उन्हाळ्यात टँकरचे पाणी कोठून येईल याचा नेम नसतो. अतिशुद्ध पाण्याच्या संयंत्राची काडतुसे शहरातील प्रयोगशाळेत जेवढी चालतात तेवढी आमच्याकडे चालत नाहीत. संयंत्राच्या आधी वेगळे आरओ बसवल्यावर हा खर्च आटोक्यात आला. प्रस्तावात हे आरओ, यूपीएस आणि एसी धरले नाहीत तर नंतर त्यासाठी पैसे मागताना नाकी नऊ येतात, कारण मंजूर झालेली रक्कम यंत्राच्या नावावर असते आणि बाकी सगळे तुमच्याकडे आधीच आहे असे गृहीत धरलेले असते.

बुडबुड्याचा एक प्रसंग सांगितला पाहिजे. पहिल्या उन्हाळ्यात प्रत्येक मोजणीच्या मध्येच रेष एकदम भाल्यासारखी उंच जाई, कधी क्षणात परत येई, तर कधी परत येतच नसे. आम्ही चिप बदलली, नळ्या धुतल्या, नमुना नव्याने गाळला. शेवटी फोनवरून पुरवठादाराच्या अभियंत्याने विचारले, "बफर कुठे ठेवता?" बफर फ्रिजमध्ये ठेवला होता आणि तेथून काढून थेट यंत्राला जोडला जात होता. थंड पाण्यात हवा जास्त विरघळते. तेच पाणी नळीतून जाताना तापले की हवा बाहेर पडते आणि केसाएवढ्या वाहिनीत तिचा बुडबुडा अडकतो. तेव्हापासून बफर आदल्या संध्याकाळी बाहेर काढून ठेवायचा, ०.२२ मायक्रॉनच्या गाळणीतून निर्वात पंपाने गाळायचा आणि वापराआधी पुन्हा हवा काढायची, असा क्रम आमच्याकडे ठरला आहे. अभियंत्याच्या त्या एका प्रश्नाने आमचा दीड महिना वाचला. तो प्रश्न यंत्र बसवतानाच विचारला गेला असता तर आणखी दीड महिना वाचला असता.

बफरच्याच बाबतीत दुसरी गोष्ट आमच्या विषयापुरती असली तरी सांगण्यासारखी आहे. आम्ही ट्रिप्सिन चिपवर बसवतो आणि निरोधक त्यावरून वाहू देतो. ट्रिप्सिनचा समविद्युत बिंदू, म्हणजे ज्या पीएचला प्रथिनावरचा एकूण प्रभार शून्य होतो तो, साडेदहाच्या आसपास असल्याने साडेचार-पाच पीएचच्या अ‍ॅसिटेट बफरमध्ये त्यावर भरपूर धन प्रभार असतो, ते चिपच्या सोन्यावर चढवलेल्या डेक्स्ट्रन या शर्करासाखळ्यांच्या थराच्या ऋण प्रभाराकडे ओढले जाते आणि सहज बसते. सोयाबीनच्या कुनिट्झ निरोधकासारखे आम्लधर्मी प्रथिन बसवायला मात्र पीएच चारपर्यंत खाली यावे लागते आणि तरीही ते हवे तसे बसत नाही. म्हणून ट्रिप्सिनच चिपवर, हे ठरले. पण काही फेऱ्यांनंतर माझ्या विद्यार्थिनीने दाखवले, "मॅडम, नमुना तोच आहे, तेवढाच आहे, पण प्रत्येक फेरीला उंची कमी भरतेय." आम्हाला वाटले, धुण्याचे आम्ल विकर मारत आहे. धुण्याच्या ग्लायसिन द्रावणाचा पीएच २ वरून अडीचवर नेला, संपर्काचा वेळ कमी केला, तरी घसरण तशीच. तिने एके दिवशी बफरच्या बाटलीवरची घटकांची यादी मोठ्याने वाचली आणि ईडीटीए हा शब्द आला. या क्षेत्रात सर्रास वापरल्या जाणाऱ्या त्या बफरमध्ये ३ मिलिमोलर ईडीटीए असते, ते कॅल्शियम धरून बसते आणि ट्रिप्सिनचे स्थैर्य कॅल्शियमवर अवलंबून असते. म्हणजे आम्ही दिवसभर आमच्याच विकराच्या पायाखालची वीट काढून घेत होतो. ईडीटीए नसलेला बफर घेऊन त्यात कॅल्शियम क्लोराइड घातल्यावर तीच चिप कितीतरी जास्त फेऱ्या चालली. यंत्राचा यात काहीही दोष नाही, पण वापरपुस्तिकेत सुचवलेला बफर प्रत्येक प्रथिनाला चालतो असा समज तिच्या मांडणीतून होतो आणि तो टाळता आला असता.

चिपचा खर्च हा या यंत्राचा खरा भार आहे. आम्हाला एक चिप पाच आकडी रकमेला पडते आणि ती आपल्या देशात बनत नाही. यंत्र एकदाच घ्यावे लागते, चिप दर हंगामाला. दोन वाहिन्यांपैकी एक वाहिनी तुलनेसाठी रिकामी ठेवावी लागते, म्हणून एका चिपवर एकच विकर बसते. अळीचे ट्रिप्सिन, कायमोट्रिप्सिन आणि गाईच्या स्वादुपिंडातील ट्रिप्सिन अशा तिघांची तुलना करायची तर तीन चिपा लागतात. चार वाहिन्यांच्या यंत्रात हे एका चिपवर झाले असते. ज्यांच्या प्रश्नात तुलना हाच मुख्य भाग आहे त्यांनी दोन वाहिन्यांचे यंत्र स्वस्त समजून घेऊ नये, कारण यंत्रावर वाचलेले पैसे तीन-चार वर्षांत चिपांवर जातात. आम्ही घेतले तेव्हा हा हिशेब केला नव्हता. याच कारणाने आमच्याकडे चिप जिवापाड जपली जाते. प्रत्येक चिपची वही आहे, तिच्यावर कोणते प्रथिन किती युनिट बसवले आणि कितव्या फेरीला तिची क्षमता किती उरली, हे तारखेसह लिहिलेले असते.

मोजलेली रेष खरी आहे की नाही, हे ओळखायला थोडा हिशेब यावा लागतो. ट्रिप्सिनचे वजन सुमारे २३.३ किलोडाल्टन आणि बोमन-बर्क या डाळवर्गीय दाण्यांतील लहान निरोधकांच्या प्रकाराचे सुमारे ८. चिपवर ५०० युनिट ट्रिप्सिन बसवले असेल, तर प्रत्येक ट्रिप्सिनला एक निरोधक चिकटून जास्तीत जास्त १७० युनिटांची उंची मिळायला हवी. ३०० मिळाली तर निरोधक डेक्स्ट्रनला चिकटत आहे किंवा नमुन्यात भेसळ आहे; ६० मिळाली तर बसवलेल्या विकरापैकी बहुतेक मेलेले आहे. ही आकडेमोड विद्यार्थी यंत्राला हात लावण्यापूर्वी कागदावर करतात. शिवाय चिपवर जास्त प्रथिन बसवले की रेष देखणी येते, पण मग द्रवातून रेणू पोहोचण्याचाच वेग मोजला जातो, धरण्याचा नाही. रेष ठेंगणी असली तरी चालेल, हे नवख्या हाताला पटायला वेळ लागतो.

सॉफ्टवेअरविषयी माझी नाराजी आहे. ते वापरायला सोपे आहे, आलेख सुबक काढते आणि कोणतीही रेष दिली तरी एक उत्तर देऊन मोकळे होते. बुडबुड्याने वाकलेल्या रेषेलाही त्याने एकदा तीन दशांशांपर्यंत स्थिरांक काढून दिला. मोजलेली रेष आणि बसवलेली रेष यांतील फरक, म्हणजे शेषांक, ते मागितल्याशिवाय दाखवत नाही. खरे तर ते आधी दाखवले पाहिजेत. ही अडचण आमच्यापुरती नाही. रेबेका रिच आणि डेव्हिड मिझ्का यांनी २००८ साली प्रसिद्ध झालेल्या, प्रकाशीय जैवसंवेदकांवरच्या १४१३ लेखांचा आढावा घेतला तेव्हा त्यांतले ३० टक्केही लेख शालेय रसायनशास्त्राच्या कसोटीला उतरले नसते, असा त्यांचा निष्कर्ष होता. मी तो आढावा दर वर्षी नव्या विद्यार्थ्यांना वाचायला देते. नमुन्याच्या अधूनमधून नुसता बफर सोडणे, तोच नमुना पुन्हा सोडून रेष जुळते का पाहणे, एकाच प्रमाणावर न थांबता चार-पाच प्रमाणे घेणे, तुलनेच्या वाहिनीची रेष वजा करणे, हे सगळे साधे आहे. तरीही घाई झाली की नेमके हेच गाळले जाते.

एका मर्यादेचा उल्लेख स्पष्टपणे करते. काही निरोधक ट्रिप्सिनला इतके घट्ट धरतात की सोडण्याचा वेग दर सेकंदाला एक लाखांशाच्याही खाली जातो. अशा वेळी तासभर बफर वाहू दिला तरी जेमतेम साडेतीन टक्के रेणू सुटतात आणि तेवढी घट यंत्राच्या स्वतःच्या सरकण्यातच बुडून जाते. आमच्या खोलीच्या परिस्थितीत अशा आकड्यांवर मी विश्वास ठेवत नाही. "याहून मंद" एवढेच आम्ही लिहितो. कागदावर यंत्राची मर्यादा याहून बरीच पुढची दिली आहे.

पर्याय म्हणून बायोलेयर इंटरफेरोमेट्रीचे यंत्रही आम्ही पाहिले होते. त्यात वाहिन्या, पंप काहीच नसते. प्रथिन लावलेली टोके नमुन्याच्या खळग्यांत बुडवायची आणि परावर्तित प्रकाशातील बदल मोजायचा. बुडबुड्यांचा आणि नळ्या तुंबण्याचा प्रश्नच येत नाही, गढूळ नमुनाही चालतो, म्हणून ज्यांना प्रतिपिंडांसारख्या मोठ्या प्रथिनांची झटपट चाळणी करायची आहे त्यांना मी तेच सुचवेन. पण निरोधक लहान असला की त्याची संवेदनक्षमता उणी पडते, आणि तासभर चालणाऱ्या मोजणीत आमच्या कोरड्या उन्हाळ्यात उघड्या खळग्यांतील थेंब आटतो. थेंब आटला की प्रमाण बदलले आणि प्रमाण बदलले की हिशेब गेला.

पुरवठादाराच्या सेवेला मी मध्यम म्हणेन. फोनवरची मदत चांगली आणि जाणती आहे. प्रत्यक्ष माणूस यायला मात्र एकदा सात आठवडे लागले. इतरत्र दोन दिवसांत माणूस जातो, असे त्यांच्याच प्रतिनिधीने सांगितले. वार्षिक देखभाल कराराची रक्कम सगळीकडे सारखी आहे, म्हणून माणूस किती दिवसांत येईल हे करारात लेखी मागावे. आम्ही नूतनीकरणाच्या वेळी ते लिहून घेतले आणि शिवाय पंपाची सील, नळ्यांचा एक संच असे सुटे भाग आमच्याच कपाटात ठेवायला मिळवले. सील बदलणे अवघड नाही. आमच्या प्रयोगशाळा सहायकांनी ते एकदा पाहिले आणि नंतर दोन वेळा स्वतः केले.

घ्यावे का, असे मला विचारले जाते. ज्या विभागात वर्षाला निदान सत्तर-ऐंशी दिवस यंत्र चालेल इतका एकच ठाम प्रश्न आहे, शुद्ध प्रथिन स्वतः तयार करण्याची तयारी आहे आणि यंत्र हेच ज्याचे काम असा एक माणूस किमान तीन वर्षे राहणार आहे, त्या विभागाने जरूर घ्यावे, जमल्यास चार वाहिन्यांचे. शेवटची अट सर्वांत अवघड आहे. आमची जी विद्यार्थिनी हे यंत्र तळहातासारखे ओळखत होती, ती प्रबंध सादर करून गेली आणि पुढच्या चार महिन्यांत आम्ही तिने कधीच न केलेल्या सगळ्या चुका पुन्हा केल्या. आता प्रत्येक हंगामात दोघे जण एकत्र शिकतात, एक जुना आणि एक नवा.

तुरीच्या शेंगा भरतात तेव्हाच थंडीही असते, ही आमच्या दृष्टीने मोठी सोय ठरली आहे. डिसेंबरात पहाटे शेतातून अळ्या आणायच्या, दुपारपर्यंत आतड्यातील विकर वेगळे करायचे आणि जानेवारी-फेब्रुवारीत मोजण्या उरकायच्या, असे वर्षाचे वेळापत्रक बसले आहे. मार्चअखेर वाहिन्या शुद्ध पाण्याने धुऊन, मग कोरड्या करून यंत्र झाकून ठेवतो. जूनमध्ये दोन-चार पाऊस होऊन खोली स्थिर झाली की पहिले तीन दिवस नुसता बफर वाहू देतो आणि रेष सरळ आल्याशिवाय नवी चिप पाकिटातून काढत नाही.